श्वसन-मार्गदर्शन (फुप्फुसाच्या कर्करोगात)

फुप्फुसाच्या कर्करोगात स्कॅन व किरणोपचार चालू असताना श्वासाची लय स्थिर राहावी म्हणून रुग्णाला आवाजाच्या किंवा पडद्यावरील आलेखाच्या साहाय्याने केलेली मदत. श्वासपटलाजवळच्या गाठी श्वासाबरोबर अधिक हलतात. काहींची हालचाल २ सेंमी.पेक्षाही जास्त असते. चतुर्मितीय सीटी स्कॅनमध्ये अनेक श्वासांतील प्रतिमा टप्प्यांनुसार निवडून एकत्र जोडतात. प्रत्येक श्वास जवळपास सारखा असेल, हे त्यामागचे गृहीतक. श्वास अनियमित झाला, तर गाठ तुटक, दुहेरी किंवा आखूड दिसते आणि किरणांचे लक्ष्यच चुकीचे आखले जाण्याचा धोका असतो. त्यामुळे यंत्राच्या अचूकतेइतकीच श्वासाची नियमितताही महत्त्वाची ठरते. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकीतज्ज्ञांच्या संघटनेने २००६च्या अहवालात ५ मिमी.पेक्षा अधिक हालचालीसाठी श्वसन-नियंत्रणाचा विचार सुचवला, तो याच कारणाने.

यावर आक्षेप असा, की आधीच धाप लागणाऱ्या रुग्णावर हा नवा भार पडतो आणि सूचनांमुळे श्वास कृत्रिमरीत्या खोल होतो. आक्षेप रास्त आहे. केवळ आवाजाच्या सूचनांनी कधीकधी तसे घडतेही, आणि सर्वांना सारखा लाभ होत नाही. मात्र त्यातून पद्धत त्याज्य ठरत नाही, तर ती कशी वापरावी हे ठरते. लय रुग्णाच्या सहज श्वासावरूनच बेतावी, स्कॅनपूर्वी सराव द्यावा, उपचारावेळीही तेच मार्गदर्शन ठेवावे आणि ज्याला ते झेपत नाही त्याच्यावर लादू नये. निरोगी ऊतींना वाचवणाऱ्या उपचारात रुग्णाचा असा सहभाग मोलाचा आहे.