ऑगस्ट १९४९: एक छावणी, एक बूट

१/ ८ ऑगस्ट १९४९. गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी कल्याणजवळच्या निर्वासितांच्या वसाहतीला ‘उल्हासनगर’ हे नाव दिले. दहाच दिवसांनी, १८ ऑगस्टला, जर्मनीतील हेर्झोगेनाउराख या लहानशा गावी आदि डास्लर यांनी धावण्याचे बूट बनवणारी आपली कंपनी नोंदवली. नाव ‘आदिदास’.

२/ दोन्ही प्रारंभ महायुद्धाच्या अवशेषांतून झाले. सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना आसरा मिळाला तो लष्कराच्या रिकाम्या बराकींत. ‘कॅम्प नं. ३’ हा पत्ता त्या छावणीची खूण आजही जपतो. तिकडे डास्लरांनी युद्धोत्तर टंचाईत अमेरिकी सैन्याच्या तंबूंचे कापड आणि इंधनटाक्यांचे रबर वापरून बूट शिवले.

३/ डास्लरांचा पूर्वेतिहास मात्र निष्कलंक नव्हता. आदि व रुडोल्फ या बंधूंचा कारखाना १९२४ मधला. १९३३ मध्ये दोघेही नाझी पक्षाचे सदस्य झाले. तरीही १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कृष्णवर्णीय जेसी ओवेन्स यांच्या पायांत त्यांचेच खिळ्यांचे बूट होते. पुढे भाऊ विभक्त झाले आणि रुडोल्फ यांनी १९४८ मध्ये ‘पूमा’चा पाया घातला.

४/ आदिदासची ओळख ठरलेले तीन पट्टे मूळचे तिचे नव्हेत. ते फिनलंडच्या ‘कार्हू’ कंपनीचे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकनंतर ते विकत घेतले गेले. किंमत, असे सांगतात, आजच्या हिशेबाने सुमारे १६०० युरो आणि व्हिस्कीच्या दोन बाटल्या!

५/ उल्हासनगरात घरोघरी कारखाने उभे राहिले आणि ‘मेड इन यूएसए’ हा शिक्का दंतकथा बनला. यूएसए म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’! विनोद सर्वतोमुखी झाला. पण नकलेचा तोच डाग प्रामाणिकपणे माल घडवणाऱ्या कारागिराच्याही माथी बसला.

६/ कायद्यापुढे हा विनोद टिकत नाही. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार खोटे चिन्ह लावणे किंवा मालाच्या उगमाबद्दल दिशाभूल करणे यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कारावास होऊ शकतो. पट्टे डास्लरांनीही दुसऱ्याचेच घेतले. फरक इतकाच की त्यांनी ते मोल देऊन घेतले.

७/ सर्वस्व गमावून आलेल्या माणसांकडे हुन्नर होता, नाव नव्हते. डास्लरांना स्वतःचे नाव बुटावर कोरता आले. बराकींतल्या असंख्य हातांनी जे घडवले, ते बहुधा दुसऱ्यांच्याच नावाने विकले गेले.