पारेख, किशोर
पारेख, किशोर : (१९३०–१९८२). भारतीय वृत्तछायाचित्रकार. जन्म गुजरातमधील भावनगर येथे. अमेरिकेत लॉस अँजेल्सच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी चित्रपटनिर्मिती व माहितीपर छायाचित्रण यांचे शिक्षण घेतले. १९६०च्या दशकारंभी ते मायदेशी परतले आणि दिल्लीच्या ‘हिंदुस्तान टाइम्स’ या दैनिकाचे मुख्य छायाचित्रकार झाले.

त्या काळी वृत्तपत्रांत छायाचित्राचे काम बहुधा बातमीला जोड देण्यापुरतेच असे. एका विषयावरील छायाचित्रांची मालिका स्वतःच वृत्तांत सांगू शकते, हे पारेख यांनी दाखवून दिले. १९६२चे चीनबरोबरचे युद्ध, पंडित नेहरूंची अखेरची वर्षे, १९६५चे भारत-पाक युद्ध व जानेवारी १९६६ची ताश्कंद परिषद त्यांनी टिपली. १९६६-६७च्या बिहारमधील दुष्काळाच्या कृष्णधवल छायाचित्रांत त्यांनी भुकेल्या माणसांची वेदना त्यांचा मान राखून दाखवली. हा संयम त्यांच्या कामाचे मोठे बळ होय.

पुढे ते पुन्हा परदेशी गेले. हाँगकाँगमधून निघणारे ‘द एशिया मॅगझिन’ आशियातील अनेक इंग्रजी दैनिकांबरोबर वाचकांपर्यंत पोहोचत असे. या नियतकालिकासाठी काम केल्यामुळे त्यांना आशियाभरचा वाचक मिळाला. १९७१च्या बांगलादेश मुक्तियुद्धाचे काम मात्र कोणीही त्यांच्यावर सोपवले नव्हते. ते स्वतःहून रणभूमीवर गेले व जेमतेम दोन आठवड्यांत त्यांनी रस्त्यांवर पडलेले मृतदेह, शोकाकुल कुटुंबे, निर्वासित आणि सैनिक यांची छायाचित्रे घेतली. त्यांतील ६७ छायाचित्रांचे ‘बांगलादेश : अ ब्रूटल बर्थ’ हे पुस्तक १९७२मध्ये प्रसिद्ध झाले. युद्धाची किंमत सामान्य माणूस कशी मोजतो, याचा तो अस्सल दस्तऐवज आहे.

त्यानंतर ते भारतात परतून मुंबईत स्थायिक झाले. येथे त्यांनी मुख्यतः जाहिरात व व्यावसायिक छायाचित्रण केले. स्वतःच्या आवडीचे छायाचित्रणही सोडले नाही. १९८२मध्ये हिमालयात छायाचित्रे घेत असतानाच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.

त्यांचे पुत्र स्वपन पारेख हेही मुंबईतील नामवंत छायाचित्रकार असून, १९९३च्या किल्लारी भूकंपाच्या छायाचित्रासाठी वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत त्यांचा गौरव झाला. परदेशात घेतलेले शिक्षण किशोर पारेख यांनी भारतीय दैनिकाच्या रोजच्या पानावर आणले. संपादकाने नेमून दिलेल्या कामापलीकडे जाऊन साक्षीदार होणे हे छायाचित्रकाराचे कर्तव्य आहे, ही जाणीव पुढच्या पिढ्यांना त्यांच्या कामातून मिळाली.