नेवाशाचे श्रवण आणि माधानचे प्रज्ञाचक्षू



आपण नेवाशाला गेला असाल. प्रवरेच्या काठी पैसाच्या खांबाला कपाळ टेकवून आला असाल. त्या खांबाशी शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 साली, ज्ञानोबारायांनी गीतेवरचे भाष्य सांगितले. बोलण्याच्या ओघात आपण 'ज्ञानेश्वरी लिहिली' असे म्हणतो, पण 'सांगितली' हेच खरे. लिहून घेतली ती सच्चिदानंदबाबांनी. माउली बोलत होती, समोर निवृत्तिनाथ आणि संतमंडळी ऐकत होती. आजही तिच्या ओव्या मोठ्याने म्हटल्या की कळायला लागतात, हा अनुभव पारायणाला बसणाऱ्या प्रत्येकाला आहे.

आता आणखी एक गोष्ट पाहा. या ग्रंथाचे दार उघडते ते एका आंधळ्या राजाच्या प्रश्नाने. युद्ध पाहण्यासाठी व्यासांनी धृतराष्ट्राला दृष्टी देऊ केली होती, ती त्याने नाकारली. मग संजय पाहत गेला आणि राजा ऐकत गेला. सातशे श्लोक त्याच्या कानावर पडले, आणि तो होता तसाच राहिला. डोळे नव्हते म्हणून राहिला, असे कोणत्याही कीर्तनकाराने कधी सांगितलेले मी ऐकले नाही. कान उत्तम होते, ऐकायचेच नव्हते.

नेवाशाच्या त्या निरूपणानंतर जवळजवळ सहाशे वर्षांनी, 6 जुलै 1881 रोजी, वऱ्हाडात लोणी टाकळी येथे एक मूल जन्मले. हे लोणी अमरावती जिल्ह्यातले. आपल्या राहात्याजवळचे नव्हे. घराणे माधानच्या मोहोडांचे, शेतकऱ्याचे. नऊ महिन्यांचे असताना डोळे आले, औषध उलटले आणि दृष्टी कायमची गेली. चौथ्या वर्षी आई गेली. आजीने आजोळी सांभाळले. हे मूल म्हणजे पुढचे प्रज्ञाचक्षू श्रीगुलाबराव महाराज. स्वतःला ते ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत. 1901 साली आळंदीला माउलींनी आपल्याला मांडीवर घेऊन स्वनामाचा मंत्र दिला, अशी त्यांची श्रद्धा होती. 20 सप्टेंबर 1915 रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. वय अवघे चौतीस. एवढ्या आयुष्यात लहानमोठे मिळून सव्वाशेच्या वर ग्रंथ आणि प्रकरणे त्यांनी सांगितली. मराठीत, संस्कृतात, हिंदीत. स्त्रियांसाठी गीते केली आणि डार्विन-स्पेन्सरच्या मतांचा परामर्शही घेतला.

हे सारे आपण कीर्तनात ऐकतो, 'केवढा चमत्कार!' म्हणून हात जोडतो आणि तिथेच थांबतो. मला आज तिथे थांबायचे नाही.

हे मूल शिकले कसे, याचा थोडा विचार करा. नऊ महिन्यांच्या वयात गेली ती दृष्टी. कान शाबूत राहिले. वऱ्हाडातले ते शेतकऱ्याचे घर आवाजांनी भरलेले असणार. पहाटेची जात्यावरची ओवी, देवळातले भजन, पुराणिकाची पोथी, आजीच्या गोष्टी. मुलाला भाषा मिळाली ती इतर मुलांना मिळते तशीच, कानावाटे आणि वेळेवर. एकदा भाषा मिळाली की प्रश्न विचारता येतो, आणि प्रश्न विचारता आला की सगळे शास्त्र आपल्याकडे चालत येते. पुढे महाराजांसाठी लोक ग्रंथ वाचून दाखवीत. एकदा ऐकलेले त्यांच्या ध्यानात राही. ते सांगत आणि शिष्य उतरवून घेत. नेवाशाला जे झाले तेच माधानला झाले म्हणा ना: एक सांगणारा आणि एक लिहून घेणारा.

पण याची किंमतही होती, ती आपण कीर्तनात सांगत नाही. ज्याला दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचावे लागते, त्याने वाचणाऱ्याच्या सवडीनेच वाचायचे. मधेच मागचे पान उलटून पाहायचे झाले तर पुन्हा त्यालाच विनवायचे. वाचणाऱ्याला संस्कृत येत नसेल तर अक्षर न् अक्षर सांगून घ्यायचे. गुलाबराव महाराजांनी 'नावंग' नावाची स्वतःची एक भाषा रचली, तिचे व्याकरण केले, लिपीही कल्पिली, असे त्यांच्या चरित्रात येते. ज्याने अक्षर कधी पाहिले नाही त्याने लिपी करावी! कोणी याला अलौकिक म्हणेल. मला त्यात अक्षराची भूक दिसते.

ती भूक भागवणारी गोष्ट जगात तोवर होऊन गेली होती. फ्रान्समध्ये लुई ब्रेल या स्वतः अंध असलेल्या तरुणाने सहा ठिपक्यांची, बोटांनी वाचायची लिपी 1829 साली छापून लोकांपुढे ठेवली होती. महाराजांच्या हयातीतच 1887 साली अमृतसरला आणि 1900 च्या आसपास मुंबईत अंधांच्या शाळा निघाल्या. पण अमृतसर कुठे आणि माधान कुठे! भारतातल्या सगळ्या भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरायला तर 1951 साल उजाडले.

महाराजांच्या जन्माच्या एकच वर्ष आधी, 27 जून 1880 रोजी, अमेरिकेत हेलन केलर जन्मली. दीड वर्षाच्या पुढे, एकोणीस महिन्यांची असताना, आजाराने तिची दृष्टी गेली आणि ऐकणेही गेले. सात वर्षांची होत आली तरी तिच्याजवळ भाषा नव्हती. हट्ट होता, संताप होता, घरच्यांना कळतील अशा काही खुणा होत्या. मार्च 1887 मध्ये ॲन सलिव्हन ही शिक्षिका घरी आली. तळहातावर बोटांनी अक्षरे काढीत ती दिवसामागून दिवस वस्तूंची नावे सांगत राहिली. महिनाभराने पंपाखाली एका हातावर पाणी वाहत असताना दुसऱ्या हातावर 'पाणी' हा शब्द उमटला, आणि प्रत्येक वस्तूला नाव असते हे त्या मुलीला उमगले. 1904 साली ती पदवीधर झाली. 1955 साली ती भारतातही येऊन गेली. बुद्धी पहिल्यापासूनच होती. हात धरणारे माणूस यायला मात्र पाच वर्षे गेली.

या दोन चरित्रांत जो फरक आहे, त्याने मला माझ्याच दिंडीकडे वळून पाहायला लावले.

आमच्या दिंडीत पूर्वी एक अंध मृदंगी होते. त्यांचा हात धरायला चढाओढ लागे. त्यांना आम्ही 'बुवा' म्हणायचो, पंगतीत पहिले पान त्यांचे. त्याच दिंडीत जन्मतः ऐकू न येणारा एक मुलगा यायचा, दहा-बारा वर्षांचा. त्याला आम्ही 'मुक्या' म्हणायचो. पाण्याच्या टाकीवर त्याला उभे करायचे, तंबूच्या मेखा ठोकायला लावायचे. पोर कामाला वाघ. रात्री कीर्तन सुरू झाले की तो थोडा वेळ सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसायचा आणि झोपी जायचा. 'त्याला काय कळणार?' असे म्हणणाऱ्यांत मीही होतो. त्याचे खरे नाव काय, हे पाच वाऱ्या बरोबर चालूनही मला माहीत नव्हते. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवे.

आपली भक्ती श्रवणाची. नवविधा भक्तीत पहिले नाव श्रवणाचेच. त्यामुळे डोळे नसलेला माणूस आपल्याकडे घरचा होऊन जातो आणि कान नसलेला अंगणातच राहतो. संतचरित्रांत सूरदास आहेत. हातपाय नसलेले, लऱ्हुळपर्यंत सरपटत आलेले आणि जिथे देवच भेटायला आला ते कूर्मदास आहेत. बहिरा संत मला आठवून आठवत नाही. देवाने त्यांना वगळले, असे तर म्हणता येत नाही. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाच्या कानावर शब्द पडत नाही म्हणून तो बोलत नाही, आणि बोलत नाही म्हणून लोक त्याला मंद समजून सोडून देतात. 'उद्या', 'खोटे', 'दया', 'देव' हे शब्द वस्तूसारखे बोट दाखवून शिकवता येत नाहीत. ते कोणीतरी भाषेतच द्यावे लागतात, कानाने किंवा हातांनी. आयुष्याची पहिली पाच वर्षे भाषा मिळण्याची. ती रिकामी गेली तर पुढे शाळेतले गणितसुद्धा अडते, कारण उदाहरण भाषेत असते.

म्हणून, आई-आजीहो, बाळ आवाजाने दचकत नसेल, मागून टाळी वाजवली तर वळत नसेल, वर्षभरात एकही शब्द उमटत नसेल, तर 'याचे वडीलही उशिरा बोलले' म्हणून थांबू नका. तान्ह्या मुलाचे ऐकणे यंत्रावर तपासता येते. अंगणवाडीत आणि शाळेत 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी असते, तिथे मुलाला नक्की दाखवा. मुंबईला वांद्र्यात ऐकण्याच्या दोषांसाठीच 1983 पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. श्रवणयंत्र बसले तर उत्तमच, नाही बसले तर खुणांची भाषा घरातल्या सगळ्यांनी शिकावी. ती भाषा पुरती आहे, तिला व्याकरण आहे. 'खुणा शिकला तर बोलणारच नाही' ही भीती धरून घरच्यांनी हात बांधून बसू नये. आणि डोळ्यांचे म्हणाल, तर बाळाचे अ जीवनसत्त्वाचे डोस आणि गोवर-रुबेलाची लस चुकवू नका. डोळे आले की घरगुती रस पिळू नका. माधानच्या घरी काय झाले ते वर सांगितलेच आहे.

मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या आपल्या चालीबद्दलही बोलायला हवे. जवळच्या नात्यात जन्मतः बहिरेपण येण्याची शक्यता वाढते. हे डॉक्टर सांगतात तेव्हा आपल्याला राग येतो, पण सोयरीक ठरवताना निदान विचारावे तरी.

एका वर्षी रिंगणाच्या दिवशी टाळकरी पावली घालत होते. तो मुलगा कडेला उभा राहून त्यांचे पाय निरखत होता. मग हळूच ओळीत शिरला. अंध बुवांनी शेजाऱ्याला विचारले, 'कोण आले?' शेजारी म्हणाला, 'मुक्या.' बुवांनी त्याला जवळ ओढले, त्याचे दोन्ही तळहात मृदंगाच्या खोडावर टेकवले आणि थाप मारली. पोराचे डोळे मोठे झाले. पुढच्या आवर्तनापासून त्याचे पाऊल समेवर पडू लागले. आम्ही पंचवीस टाळकरी बघत राहिलो. हे आमच्यापैकी कोणालाही सुचले नव्हते, ज्यांना दिसत नव्हते त्यांना सुचले. त्या रात्री बुवांनी दिंडीचालकांना बोलावून मुलाचे नाव विचारले, आणि त्याच्या वडिलांना गाठून ते आम्हाला सांगितले. नाव पांडुरंग होते.

राम कृष्ण हरि.