थ्री नॉट थ्री : एका जुन्या रायफलीचे गुण आणि दोष

नागपूरकर भोसल्यांचे राज्य 1854 साली खालसा झाले आणि रायपूर थेट इंग्रजी अंमलाखाली आले. त्यानंतर चारच वर्षांत या नगराने शस्त्रांचा प्रश्न किती जिव्हाळ्याचा असतो, हे अनुभवले. 10 डिसेंबर 1857 रोजी सोनाखानचे जमीनदार वीर नारायणसिंह यांना येथे फाशी देण्यात आली. पुढे सहा आठवड्यांच्या आत, 18 जानेवारी 1858 रोजी, पलटणीच्या दारूगोळा विभागात चाकरीस असलेल्या हनुमानसिंह यांनी सार्जंट-मेजर सिडवेल याला ठार करून उठावाची हाक दिली. उठाव काही तासांतच मोडला. 22 जानेवारीला 17 जण फासावर चढले. हनुमानसिंह मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. रायपूरच्या भूमीशी हा इतिहास जोडलेला आहे.

1857 पासून इंग्रजांनी एक धडा घेतला. हिंदी शिपायाच्या हाती गोऱ्या शिपायापेक्षा जुन्या बनावटीचे शस्त्र असावे, हे त्यांचे धोरण ठरले. 1878 च्या शस्त्र कायद्याने सामान्य प्रजेवर परवान्याचे बंधन आले. शस्त्र कसे चालते आणि ते कशाने अडते, हे ज्ञान त्यामुळे छावणीच्या भिंतीआड राहिले.

ज्या बंदुकीशी हे ज्ञान पुढे सर्वाधिक काळ निगडित राहिले, ती म्हणजे ली-एनफील्ड रायफल, अर्थात आपली ‘थ्री नॉट थ्री’. नळीचा व्यास .303 इंच, म्हणून हे नाव. जेम्स पॅरिस ली याने रचलेली बोल्टची यंत्रणा आणि मॅगझिनमधील दहा काडतुसे ही तिची वैशिष्ट्ये. बंगालमधील इशापूर येथे 1904 साली रायफल कारखाना स्थापन झाला आणि ही बंदूक भारतात बनू लागली. तिची काडतुसे पुण्याजवळच्या खडकी कारखान्यातही तयार होत. त्यांच्या बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरे उमटवलेली असत.

ही रायफल दणकट खरी. पण तिचे काही दोष ठरलेले होते. .303 काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे राहिली पाहिजे. ती मागे राहिली, तर बोल्ट पुढे सारताच दोन्ही काडतुसे एकमेकांत अडकतात. हा दोष बंदुकीचा नसून भरणाऱ्याच्या हाताचा. झडलेले काडतूस बाहेर पडत नसेल, तर आधी नळीच्या मागील भागातील मळ पाहावा, मग एक्स्ट्रॅक्टरचा आकडा झिजला आहे का आणि त्याची स्प्रिंग सैल झाली आहे का, ते तपासावे, हा क्रम ठरलेला होता. चाप ओढूनही गोळी सुटली नाही, तर कित्येकदा घट्ट झालेल्या तेलाने फायरिंग पिनचा आघात मंदावलेला असे.

सर्वांत गंभीर दोष डोळ्यांना दिसत नसे. बोल्टचे तोंड आणि काडतुसाचे बूड यांतील अंतर वाढले, तर काडतूस आतच फाटण्याचा धोका असे. म्हणून बोल्टची टोके निरनिराळ्या मापांची बनवीत आणि बोल्टवर बंदुकीचाच क्रमांक कोरीत. एका रायफलीचा बोल्ट दुसरीत घालू नये, हा नियम या कारणासाठी होता. तो मोडल्यास नेम चुकण्यापेक्षा मोठे संकट ओढवत असे.

भारतीय हवामानाने आणखी एक काम वाढवले. जुन्या काडतुसांच्या टोपीतील क्षार नळीत राहून हवेतील ओल शोषीत आणि पावसाळ्यात काही दिवसांतच गंज चढे. त्यामुळे गोळीबारानंतर नळीत उकळते पाणी ओतण्याची आणि मग पुलथ्रूने चिंधी ओढून तेल देण्याची शिस्त लागली. लाकडी दस्ता फुगला की नळीवर दाब येऊन नेम हलत असे.

1962 च्या चीन युद्धात भारतीय जवान मुख्यतः याच रायफली घेऊन लढले. 18 नोव्हेंबरला रेझांग ला येथे मेजर शैतानसिंह यांच्या तुकडीने प्राणांची बाजी लावली, तेव्हाही हातांत थ्री नॉट थ्रीच होती. जवानांच्या शौर्यात उणीव नव्हती. पण प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने ओढावा लागे. सैन्यात स्वयंभरणी रायफली त्यानंतर रुळल्या. पोलिसांकडे मात्र ही बंदूक राहिली. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांना अत्याधुनिक शस्त्रांपुढे हिच्याच आधारे उभे राहावे लागले. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला 2020 साली निरोप दिला.

15 जुलै 1948 रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्र सेनेमुळे शाळकरी मुलांच्या हाती बोल्टची रायफल आली. जे ज्ञान एकेकाळी प्रजेपासून दूर ठेवले गेले होते, ते स्वतंत्र भारताने आपल्या मुलांना शिस्तीसह सुपूर्त केले. ‘बंदूक बिघडली’ एवढे म्हणून थांबायचे नाही; काडतूस, मॅगझिन, बोल्ट, नळी असा एकेक भाग पाहत दोषाच्या मुळाशी जायचे, हा त्या शिस्तीचा गाभा होता. आज त्यांतील अनेक रायफली संग्रहालयांत आणि कोठारांत विसावल्या आहेत. ती सवय मात्र जिथे जिथे यंत्र आहे, तिथे उपयोगी पडते.