स्पंजाचे प्राणित्व : वर्गीकरणातील एका वादाचा इतिहास

स्पंजाला मुख नाही, मज्जातंतू नाहीत, स्नायू नाहीत. प्रौढ स्पंज खडकाला चिकटून राहतो. तरीही त्याची गणना प्राणिसृष्टीत होते. हा निर्णय दोन सहस्रकांहून अधिक काळ लांबला, याचे कारण स्पंजापेक्षा ‘प्राणी’ या संकल्पनेच्या व्याख्येतच अधिक शोधावे लागते.

स्पंज उपटू लागताच तो आक्रसतो, ही वार्ता ॲरिस्टॉटलने नोंदविली. ती न मानणारे लोक आहेत, हेही त्याने प्रामाणिकपणे नमूद केले. संवेदना हीच तेव्हा कसोटी होती आणि त्या कसोटीवर स्पंज संशयास्पदच राहिला. लिनियसने १७५३ मध्ये त्याला शैवालांत स्थान दिले. पुढे १७६५ मध्ये जॉन एलिसने स्पंजातून वाहणाऱ्या जलप्रवाहाकडे लक्ष वेधले. मात्र या निरीक्षणाला शास्त्रीय पाया दिला तो रॉबर्ट ग्रँटने. १८२५ पासून एडिंबरोजवळच्या किनाऱ्यावरील जिवंत स्पंज काचपात्रात ठेवून त्याने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. पाणी बारीक रंध्रांतून आत शिरते व मोठ्या छिद्रांतून वेगाने बाहेर पडते, हे त्याने दाखविले. पोहणारे डिंभही पाहिले. ‘पोरिफेरा’ हे नाव त्याचेच (१८३६). या काळात तरुण चार्ल्स डार्विन त्याच्या सहवासात होता.

या वादाचा एक धागा मुंबईशी जुळतो, आणि मराठी अभ्यासकांकडून तो बहुधा दुर्लक्षिला जातो. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील शस्त्रवैद्य हेन्री जॉन कार्टर याने मुंबईच्या तलावांतील गोड्या पाण्याच्या स्पंजांचा अभ्यास केला. त्याच्या १८४८ च्या निबंधाच्या शीर्षकातच ‘प्राणित्व’ हा शब्द आहे. पुढे पाण्यात किरमिजी रंगाचे कण मिसळून स्पंजाच्या पेशी ते कण गिळतात, हे त्याने १८५७ मध्ये दाखविले. येथे कसोटीच बदलली : हालचालीऐवजी पोषणाची रीत महत्त्वाची ठरली. वनस्पती स्वतःचे अन्न तयार करते; स्पंज तयार अन्न गाळून घेतो व पचवितो.

तथापि वाद मिटला नाही. हेन्री जेम्स-क्लार्कने १८६० च्या दशकात स्पंजाच्या कशाभिकायुक्त पेशी काही एकपेशीय जीवांसारख्याच असल्याचे दाखविले. मग स्पंज हा एक जीव की एकपेशीयांची वसाहत? शुक्रपेशी, अंडपेशी व बहुपेशीय भ्रूण यांच्या अभ्यासाने वसाहतीची कल्पना मागे पडली. तरी १८८४ मध्ये सोलासने स्पंजांना ‘पॅराझोआ’ म्हणून इतर प्राण्यांपासून वेगळे काढलेच. कोलॅजेनचे अस्तित्व आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभित्तीवरील एका स्पंजाचा जनुकसंच यांनी प्राण्यांशी असलेले त्याचे नाते अधिक दृढ केले. प्राणिवृक्षाची सर्वांत आधी फुटलेली शाखा स्पंजांची की कंकतधारी जेलींची, हा प्रश्न मात्र अद्याप वादग्रस्त आहे. २०२३ मधील गुणसूत्रांच्या तुलनेने कौल जेलींच्या बाजूने दिला.