चिंचेखालची हजेरी

पोलंडमध्ये ओपोले नावाचे एक शहर आहे. १९६३ पासून तिथे पोलिश गाण्यांचा राष्ट्रीय महोत्सव भरतो. शहराने त्याच्या खुणाही जपल्या आहेत. मुख्य चौकाच्या फरसबंदीत गायकांच्या नावांचे तारे बसवलेत, खुल्या रंगमंचापाशी पोलिश गाण्यांचे संग्रहालय आहे. हे वाचले आणि वाटले, आपल्याकडे असे गाव कोणते? आमच्या नरखेड तालुक्यात संत्र्याच्या बागा आहेत, खंजिरीवर रात्र जागवणारी भजनी मंडळे आहेत. पण गाण्याचे गाव विचाराल, तर मी राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला बोट दाखवीन. मिरजेकडे.

मिरज हे नाव आमच्याकडे आले ते परीक्षांमुळे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचा कारभार तिथून चालतो. कुणाच्या मुलीने हार्मोनियमची परीक्षा दिली, की घरात निकालाबरोबर मिरजेचेही नाव निघायचे. ते योग्यच होते. विष्णू दिगंबर पलुसकर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले ते मिरजेतच. पुढे १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले.

मी गेलो तो मात्र खाँसाहेबांसाठी. नागपूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेस धरली, की ती थेट मिरजेला नेते. स्टेशनवरून ख्वाजा शमना मिरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. तिथल्याच आवारात अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. जन्म उत्तरेतल्या कैराण्याचा, पण माणूस रुजला आपल्या मातीत. त्यांनी मराठी नाट्यपदेही ध्वनिमुद्रित केली. प्लेगच्या साथीत ते आजारी पडले, दर्ग्यात गायले आणि बरे झाले, असे मिरजेत आजही सांगतात. मी त्याची शहानिशा केली नाही. करावीशीही वाटली नाही.

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये ते मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत गाडीत अस्वस्थ वाटू लागले, म्हणून सिंगपेरुमाळकोइल या छोट्या स्टेशनात उतरले. फलाटावर नमाज पढले, तंबोरा जुळवून दरबारीचे सूर लावले आणि तिथेच प्राण गेला. तारीख २७. तिथून त्यांना मिरजेला आणले. फलाटावरच्या त्या शेवटच्या गाण्याचा विचार मी नरखेडच्या स्टेशनात गाडीची वाट पाहताना अनेकदा केला आहे.

त्यांच्या स्मरणार्थ उरुसात संगीतसभा भरते, दर्ग्यातल्या चिंचेच्या झाडाखाली. हिराबाई बडोदेकर या त्यांच्या कन्या, सवाई गंधर्व त्यांचे शिष्य आणि भीमसेन जोशी सवाई गंधर्वांचे. हिराबाई, भीमसेनजी इथे गायला येत. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासूनचा, त्याचे मूळही याच घराण्यात. इथे मोठमोठे कलावंत येतात ते हजेरी लावायला. कार्यक्रम करायला आलो, असे म्हणत नाहीत. याच उरुसात पहिला गलेफ चढवण्याचा मान चर्मकार समाजाचा.

मी मराठीत कविता लिहितो. मुशायऱ्यात मला विचारतात, उर्दूत का नाही लिहीत? कविसंमेलनात म्हणतात, तुमचं मराठी फार शुद्ध हो! दोन्हीकडे मी हसतो. त्या रात्री चिंचेखाली शेजारच्या वृद्ध गृहस्थाने माझे नाव विचारले. मी सांगितले. त्यावर त्याचा प्रश्न एवढाच, "गाता का?" नाही म्हणालो, तर थोडे सरकून मला सतरंजीवर ऐसपैस जागा करून दिली.

दुसऱ्या दिवशी गाव पाहिले. १९०५ मध्ये बालगंधर्व जिथे शकुंतला होऊन पहिल्यांदा रंगमंचावर आले, त्या हंसप्रभा थिएटरच्या जागी आता त्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. पण माझा पाय अडकला तो तंतुवाद्ये बनवणाऱ्यांच्या गल्लीत. हे मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांनी सतारीला हात घातला आणि तलवारीचे घर सुरांचे झाले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. दुकानादुकानांत पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळलेले भोपळे टांगलेले. एक कारागीर जवारी काढत बसला होता. घोडी थोडी घासायची, तारेखाली दोरा सरकवायचा, कान लावायचा, पुन्हा घासायचे. मी अर्धा तास पाहत उभा होतो. त्याने मान वर केली ती तार मनासारखी बोलली तेव्हाच. मग विचारले, "कुठले?"

"नरखेड," मी म्हणालो.

"संत्र्यांचं?" म्हणत त्याने तंबोरा माझ्या हातात दिला.