फनी हा हा

अँड्र्यू बुजाल्स्की यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला अमेरिकी विनोदी चित्रपट (२००२). बुजाल्स्की यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट सुमारे दीड तासाचा असून तो बॉस्टन परिसरात १६ मिमी. फिल्मवर चित्रित झाला. पैसा तुटपुंजा होता. कलावंत बहुतेक दिग्दर्शकाच्या मित्रमंडळींतले, अभिनयाचा व्यवसाय नसलेले होते.

नायिका मार्नी (केट डोलेनमेयर) हिचे कॉलेज संपले आहे, पण पुढे काय करायचे हे ठरलेले नाही. नोकरी सुटते, तेव्हा ती एका कार्यालयात तात्पुरते काम धरते. तिचा जीव अ‍ॅलेक्सवर (क्रिस्टियन रडर) आहे आणि तो अचानक जुन्या मैत्रिणीशी लग्न करून मोकळा होतो. कार्यालयातला मिचेल तिच्यामागे लागतो. ही भूमिका स्वतः बुजाल्स्की यांनी केली आहे. आरंभीच मार्नी गोंदवून घ्यायला जाते आणि ती प्यायलेली आहे म्हणून गोंदणारा तिला परत पाठवतो. पुढे ती करायच्या गोष्टींची यादी लिहिते. बुद्धिबळ शिकणे, व्यायाम, संग्रहालय पाहणे असे साधेसुधे संकल्प तीत आहेत. आयुष्याचा मोठा प्रश्न सुटत नाही, तेव्हा माणूस असाच लहान कामांकडे वळतो, हे या यादीइतके नेमके क्वचितच कुठे दिसते.

विनोद येतो तो अर्धवट सोडलेल्या वाक्यांतून. पात्रे चाचरतात, विषय बदलतात, माफी मागतात. मनातले तेवढे बोलायचे राहते. हे संवाद आयत्या वेळी सुचल्यासारखे वाटले, तरी पटकथा लिहिलेली होती. ही कारागिरी सहज लक्षात येत नाही, म्हणून तिचा मुद्दाम उल्लेख करायला हवा.

महोत्सवांतून फिरलेल्या या चित्रपटासाठी २००४ मध्ये इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कारांत बुजाल्स्की यांना होतकरू दिग्दर्शकाचा सन्मान मिळाला. अमेरिकेतील चित्रपटगृहांत तो २००५ मध्ये, मोजक्याच ठिकाणी लागला. त्याच वर्षी ध्वनिसंकलक एरिक मासुनागा यांनी सुचवलेले ‘मम्बलकोर’ हे नाव अशा कमी खर्चाच्या, चाचरत्या संवादांच्या चित्रपटांना चिकटले आणि ‘फनी हा हा’ त्यांतला पहिला मानला जाऊ लागला. बुजाल्स्की यांना हे लेबल फारसे रुचले नाही. त्यांचे पुढचे ‘कॉम्प्युटर चेस’ (२०१३) आणि ‘सपोर्ट द गर्ल्स’ (२०१८) हे चित्रपट पाहिले, की हे लेबल त्यांच्या कामाला अपुरे का पडते, हे कळते.